नटबोल्ट दिसू द्या

कॉलेज रोड नाहीतर गंगापूर रोडवरच्या कुठल्याही नव्या कॅफेत शिरा. एक भिंत उघड्या विटांची असते (विटा खऱ्या नसतात, विटांचं चित्र असलेल्या टाइल्स असतात). डोक्यावरून काळे पाइप गेलेले असतात (त्यातून पाणी, वायर, हवा, काही म्हणजे काही जात नाही). आणि कोपऱ्यात पाच-सहा दातेरी चाकं भिंतीला चिकटवलेली असतात. कॉफी यायला वेळ असेल तर ती चाकं जरा नीट बघा. बऱ्याचदा तीन चाकं अशी लावलेली असतात की प्रत्येकाचे दात उरलेल्या दोघांत अडकलेत. हे यंत्र कधी फिरवायला गेलात तर तिन्ही चाकं जागच्या जागी अडतील. कारण शेजारची दोन चाकं नेहमी उलट्या दिशेने फिरतात, आणि तिघांना एकमेकांच्या उलट फिरायला दिशाच दोन आहेत. आठवीतल्या पोराला कळेल असं हे गणित. पण फिरवायचंय कुणाला? याला 'इंडस्ट्रियल लुक' म्हणतात आणि त्याचे स्क्वेअर फुटाच्या भावाने पैसे घेतात.

गंमत अशी की हे सगळं नाशकात चाललंय. तिथून दुचाकीवर पंधरा-वीस मिनिटांत सातपूर येतं, पुढे अंबड. तिथे खरी दातेरी चाकं कापली जातात, खऱ्या स्प्रिंगा गुंडाळल्या जातात. बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल बनतात, तिथे मोजमाप मायक्रॉनमध्ये चालतं. ओझरला १९६४ साली एचएएलचा कारखाना आला, आणि तिथे मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची विमानं उभी राहिली. म्हणजे विमान जोडणाऱ्या गावात भिंतीवर न फिरणारी चाकं चिकटवून आपण 'काय भारी लुक आहे ना' म्हणतोय. आपल्याच घरी आलेल्या पाहुण्याला बाहेरून मागवलेली पुरणपोळी वाढावी, तसला हा प्रकार.

तर आजचा विषय: उघड्या यंत्ररचनेचं फर्निचर आणि दिवे. ज्यांचे सांधे, स्प्रिंगा, वजनं, नटबोल्ट झाकलेले नसतात, आणि ते झाकलेले नसणं हीच ज्यांची रचना असते, अशा वस्तू. माझं म्हणणं एवढंच की ही फॅशन नाही, आणि फॅशन म्हणून केली तर वायाच जाते. वस्तू कशी उभी आहे हे दिसणं हा ती वापरणाऱ्याचा हक्क आहे. आणि हा हक्क घराघरांत पोचवण्याची अक्कल, हात आणि मशिनं ज्या गावाकडे आहेत, त्या गावात आपण राहतो.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. 'उघडं यंत्र' म्हटलं की लोकांना वाटतं हे सगळं युरोपातून आलं. आपल्याकडे आपलं नक्षी, रंग, मखमल. नाही हो. जुन्या नाशकात सराफ बाजाराच्या आसपास जे थोडे वाडे उरलेत, त्यातल्या एखाद्याच्या माजघरात उभे राहा आणि वर बघा. छत कशाने उचलून धरलंय ते सरळ दिसतं. खांबावर तुळई, तुळईवर ओळीने कड्या, कड्यांवर पाट. म्हणून नावच कडीपाट. लपवाछपवी शून्य. इतकंच नाही, घराचं मापही त्यावरूनच. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घर किती मोठं तर इतक्या खणांचं. रचना हेच मोजमाप आणि रचना हेच नाव. आमच्या क्षेत्रात याला 'कोड हेच डॉक्युमेंटेशन' म्हणतात. फरक एवढाच की आमच्याकडे ते खोटं असतं.

त्याच माजघरात झोपाळा. (लाकडी तुळ्यांनाही कडी आणि झोपाळ्याच्या साखळीतल्या दुव्यालाही कडीच, मराठीचा हा शहाणपणा मला फार आवडतो.) पितळी कड्यांवर मोर असतील, हत्ती असतील, पण ते शोभेला. खरं काम प्रत्येक दोन कड्यांमधला सांधा करतो आणि तो डोळ्यांसमोर असतो. कुठली कडी झिजली ते बोट लावून कळतं, आणि तेवढीच बदलता येते. सव्वादोन मीटर लांबीचा झोपाळा एक पूर्ण झोका साधारण तीन सेकंदांत घेतो, मग त्यावर आजोबा बसोत की नातू. लंबकाचा नियम पुस्तकात यायच्या आधी किती पोरांच्या अंगात असाच शिरला असेल!

वाड्यांचं उगाच कौतुक करायचं नाहीये मला. अंधार, ओल, उंच पायऱ्या, आणि सुनेला उसंत नाही, हे सगळं त्यात होतंच. पण एक गोष्ट बघा. वाडा पाडला की त्याचं सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातं आणि पुन्हा वापरलं जातं. का? लाकूड चांगलं म्हणून तर खरंच, पण जोड सुटतात म्हणूनही. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ, आणि आरपार ठोकलेली खुंटी. खुंटी काढली की सांधा आला तसा परत जातो. आता आपल्या फ्लॅटमधलं पार्टिकल बोर्डाचं कपाट घ्या. दोनदा घर बदला, दोनदा सोडवून जोडा. तिसऱ्यांदा स्क्रूच्या भोकातून भुसा गळायला लागतो. बाहेरून लॅमिनेट एकदम चकाचक, आत स्क्रूला धरायला काही नाही. कपाटाला वय नसतं, घर बदलण्याची संख्या असते.

मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आठवतात? त्या घराण्याची मूळ खुर्ची म्हणजे व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची १८५९ सालची १४ नंबरची. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. बस्स. सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या. स्क्रू लपवण्याचा प्रयत्न कुणी केला नव्हता, आणि त्या वस्तूला कुणी 'इंडस्ट्रियल लुक'ही म्हटलं नव्हतं. खुर्ची डुगडुगायला लागली की पोऱ्या स्क्रूड्रायव्हर घेऊन यायचा. विषय संपला.

आता मला खरी सांगायची आहे ती दिव्याची गोष्ट. कारण ती नाशिकची गोष्ट होऊ शकते.

इंग्लंडमधल्या बाथ गावी जॉर्ज कारवर्डाइन नावाचा एक इंजिनियर होता. हॉर्स्टमन नावाच्या मोटार बनवणाऱ्या कंपनीत तो काम करायचा आणि गाड्यांच्या सस्पेन्शनवर, म्हणजे स्प्रिंगांवर, त्याचा हात बसलेला होता. पुढे त्या कंपनीचं गाड्या बनवणं बंद पडलं. हा गडी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये स्प्रिंगा आणि दांड्यांशी खेळत बसला. प्रश्न साधा होता. एखादा दांडा कुठल्याही कोनात ठेवला तर तिथेच थांबला पाहिजे, खाली पडता कामा नये आणि उसळताही कामा नये. १९३२ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. स्प्रिंगा मागवल्या रेडिच गावच्या हर्बर्ट टेरी या कारखान्यातून. रेडिच हे सुया आणि स्प्रिंगांचं गाव, मोठ्या गाड्यांचं नव्हे. पुढे तो दिवा बनवायलाही टेरीनेच घेतला. हाच अँगलपॉइज. पहिलं मॉडेल चार स्प्रिंगांचं, वर्कशॉपसाठी. १९३५ मध्ये घरासाठी तीन स्प्रिंगांचं आलं. १९३७ मध्ये नॉर्वेच्या याक याकोबसेनने त्याच तत्त्वावर लक्सो दिवा काढला. आणि पिक्सारच्या १९८६ च्या फिल्ममधला तो उड्या मारणारा छोटा दिवा? तो याच घराण्यातला. म्हणजे तुम्ही सगळे त्याला ओळखता.

ह्या दिव्यात झालंय काय ते जरा समजून घेऊ, कारण ते सुंदर आहे. दांडा आडवा असताना दिव्याचं वजन त्याला सर्वात जोरात खाली खेचतं. दांडा उभा करत गेलात तर तो जोर कमी कमी होतो आणि अगदी उभा झाला की शून्य. म्हणजे वजनाचा जोर कोनाप्रमाणे बदलतो. आता स्प्रिंगचं एक टोक बिजागरीच्या बरोबर वर खांबाला आणि दुसरं दांड्याला अशा जागी लावायचं, की कोन बदलला की स्प्रिंगचा जोरही अगदी त्याच प्रमाणात बदलेल. मग प्रत्येक कोनात दोघं एकमेकांना कापतात. एकदा जुळलं की सगळीकडे जुळलं! साधी स्प्रिंग हे नेमकं करत नाही, तिला मुळातच ताण देऊन गुंडाळावी लागते, आणि उरलासुरला फरक सांध्यातलं घर्षण सांभाळून घेतं. पण कल्पना एवढीच. आणि ती झाकली असती तर काय झालं असतं? दिवा चालला असता. पण स्प्रिंग सैल झाली की का सैल झाली, कुठे ओढायची, हे कुणाला दिसलं नसतं.

आता ही गोष्ट नाशिकच्या नकाशावर ठेवा. गाड्यांच्या धंद्यावर जगणारं गाव. स्प्रिंगा, बेअरिंग, फास्टनर आणि स्विचगियर बनवणारे लहान कारखाने, जे वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर दुसऱ्याचा पार्ट नंबर बनवतात. माल इतका अचूक की परत येत नाही. पण त्यावर नाव त्यांचं नाही, आणि तो कुठल्या घरात जातो हे त्यांना माहीत नाही. गाड्यांची विक्री खाली आली की पहिली शिफ्ट यांची बंद. आणि आता तर विजेच्या गाड्या. विजेच्या गाडीला इंजेक्टर लागत नाही, नोझल लागत नाही. ज्या हातांनी मायक्रॉन मोजले त्यांनी पुढे काय मोजायचं? कारवर्डाइनवरही गाड्यांची कंपनी थांबल्यावर नेमकी हीच वेळ आली होती.

मी असं म्हणत नाही की सगळ्या सातपूरने उद्या टेबल लॅम्प काढावेत. दिव्याच्या धंद्याने कारखान्याची भूक भागत नाही. पण स्वतःच्या ड्रॉइंगवर स्वतःची एक वस्तू, जी गिऱ्हाइकाला दिसते आणि ज्यात आपली कारागिरी उघडी असते, ती काढल्याशिवाय पार्ट नंबरच्या जगातून बाहेर पडायचा रस्ता मला तरी दिसत नाही.

हे नुसतं बसून बोलत नाहीये. अंबडमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी असा एक दिवा करून घेतला. त्याआधी एका शोरूममध्येही चौकशी केली होती. तिथल्या मुलीचा पहिला प्रश्न होता, "सर, तुमची थीम काय आहे?" वर्कशॉपवाल्या काकांचा पहिला प्रश्न होता, "वजन किती?"

"कशाचं?"

"वरच्या डोक्याचं हो. वजन कळल्याशिवाय स्प्रिंग कुठली लावू?"

एका प्रश्नात डिझाइनचं अख्खं सेमिस्टर झालं. मग मी म्हणालो की काका, सांधे उघडेच ठेवायचेत, वरून पत्रा नको, कव्हर नको. काका हसले. "साहेब, उघडं ठेवायचं तर पैसे जास्त पडतील. झाकायचं असतं तर मी कसंही वेल्ड मारलं असतं. दिसणार असेल तर घासावं लागेल, बोल्ट एका मापाचे लागतील, डोकी एका रेषेत."

हे वाक्य मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतोय. झाकायचं असतं तर कसंही वेल्ड मारलं असतं! फॉल्स सिलिंगच्या वर काय आहे ते बघितलंय कधी? टेपने गुंडाळलेल्या वायरी, लटकणारे जोड, अर्धवट कापलेला पत्रा. मॉड्युलर किचनच्या मागे? झाकण हे कामचुकारपणाला मिळालेलं लायसन आहे. उघडी रचना कारागिराला नीट काम करायला लावते आणि नीट कामाचे पैसे मागायला तोंडही देते. झाकलेल्या कामाचे जास्त पैसे कुणी दिलेत?

पण काकांचं पुढचं वाक्यही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मी विचारलं, तुमच्या घरी असला एखादा दिवा केलात का? "छे हो," काका म्हणाले, "दिवसभर लोखंडच बघतो. घरी फुलांचा सनमायका आहे. तेवढं तरी डोळ्यांना बरं." यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि असायचं कारणही नाही. लोखंडाचं कौतुक एसीत बसून कीबोर्ड बडवणाऱ्यांना जास्त वाटतं, हे खरंय. म्हणूनच मी ह्याला सौंदर्याचा मुद्दा करत नाही. फुलं आवडोत की बोल्ट, ज्याची त्याची आवड. मुद्दा आहे दुरुस्तीचा.

आमच्या हॉलच्या छतातला एक चपटा एलईडी दिवा बंद पडला. (कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही.) आतले एलईडी शाबूत होते, गेला होता तो ड्रायव्हर, म्हणजे घरातल्या विजेतून एलईडीला हवा तसा प्रवाह देणारं छोटं सर्किट. हे नेहमीचंच. त्यातले कपॅसिटर उष्णतेने सुकतात, आणि फॉल्स सिलिंगच्या आत उष्णता कोंडलेली असते. ड्रायव्हर काही फार महागाची वस्तू नाही. पण दिवा चिकटवून बंद केलेला, स्क्रू एकही नाही. दुकानदाराने एका वाक्यात निकाल दिला. "फेका, नवीन घ्या." इलेक्ट्रिशियन हुशार होता, त्याला दोष कुठे आहे ते माहीत होतं, हातात हत्यार होतं. फक्त आत शिरायला दार नव्हतं. ज्ञान असून दार नसणं, ह्यासारखा अपमान नाही.

युरोपियन युनियनने सप्टेंबर २०२१ पासून नियमच केला, की दिव्यातला प्रकाशाचा भाग आणि त्याचा ड्रायव्हर साध्या हत्यारांनी, दिवा न फोडता काढता आला पाहिजे (काही तांत्रिक अपवाद सोडून). आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ मध्ये 'राइट टु रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. त्यात क्षेत्रं चार: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू, आणि वाहनं. चांगली सुरुवात आहे. पण पोर्टलवर माहिती देणं वेगळं आणि वस्तूला स्क्रू असणं वेगळं. शिवाय तुमचं कपाट, खुर्ची, टेबल यांचं काय? कायद्याची वाट बघत बसण्यापेक्षा हा हक्क वस्तूच्या रचनेतच घालता येतो. जे उघडं आहे ते दुरुस्त करायला परवानगी लागत नाही.

आता आक्षेप. पहिला आमच्या मातोश्रींचा. "धूळ कोण पुसणार?" बरोबर आहे. आपल्याकडची धूळ स्वीडनमधली नाही. पण ह्याचं उत्तर झाकणात नाही, आकारात आहे. गोल दांडा पुसता येतो, खाचाखोचांचा कोरीव पत्रा नाही. कॅफेतल्या त्या खोट्या चाकांवर मात्र धूळ कायमची, कारण ती फिरत नाहीत. :)

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. वीज उघडी कशी ठेवायची? इथे रिचर्ड सॅपरचं उदाहरण देतो. आपल्यातल्या अनेकांनी ज्याच्यावर बोटं झिजवली तो थिंकपॅड १९९२ मध्ये ज्याने घडवला, तोच हा माणूस. त्याने १९७२ मध्ये आर्टेमिडेसाठी टिझियो नावाचा दिवा केला. स्प्रिंगच नाही, दांड्यांच्या मागे वजनं लावून तोल साधलेला, तराजूसारखा. आणि वरपर्यंत गेलेली वायरही नाही! वीज दांड्यांमधूनच जाते. हे चालतं कारण तळातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब आधीच १२ व्होल्टवर आणलेला असतो आणि वर बल्बही गाडीतला हॅलोजनचा. म्हणजे घातक तेवढं तळात बंद, बाकी सगळं उघडं. काय झाकायचं आणि काय नाही, ह्याचा विवेक यालाच म्हणतात. आज एलईडीला मुळातच कमी दाब लागतो, त्यामुळे हे आणखी सोपं झालंय.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. सॉफ्टवेअरमध्ये तर आपण लपवण्यालाच चांगलं डिझाइन म्हणतो, मग इथे उलटं का? उलटं नाही. आपण लपवतो ते वापरणाऱ्याला बघायची गरज पडू नये म्हणून. बघताच येऊ नये म्हणून नव्हे. पहिलं सोय आहे, दुसरं कुलूप. आपल्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी एचटीएमएल कुठल्या क्लासात नाही, राइट क्लिक करून 'व्ह्यू सोर्स' बघत शिकलं. तो पर्याय नसता तर आज आपल्यातले निम्मे दुसऱ्या कुठल्यातरी नोकरीत असते. घरातल्या वस्तूंचंही तसंच आहे. ज्या घरात बिजागरी, कप्पी, स्प्रिंग दिसतच नाही त्या घरातलं पोर ते शिकणार कुठून? अरविंद गुप्तांनी काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांवर अख्खी भूमिती उभी केली. ते आयआयटी कानपूरमधून शिकून पुण्यात टेल्कोत काम केलेले इंजिनियर. त्यांच्या खेळण्यांची जादू कशात आहे? एकही सांधा झाकलेला नाही, एवढ्यातच.

आणि चौथा आक्षेप पैशांचा. उघडं काम महाग, हे काकांनीच सांगितलं. खरंय, पण सगळीकडे नाही. १९८१ मध्ये लंडनमध्ये रॉन अराडने भंगारातून रोव्हर गाडीची सीट उचलली, बांधकामात वापरतात तसल्या पाइपांच्या चौकटीवर ती बसवली, पाइप जोडणारे क्लॅम्प तसेच दिसू दिले. झाली खुर्ची, आणि आज ती संग्रहालयांत आहे. आपल्याकडे भंगार कमी होतं का? अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये हटवला. बाजार अनधिकृत होता, रहिवाशांच्या तक्रारी होत्या, कारवाई चूक होती असं मी म्हणणार नाही. पण जुन्या मशिनचे पाय, गाड्यांच्या सीटा, स्प्रिंगा, गियर हे सगळं एका जागी हाताळायला मिळणं ही डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठी एक लायब्ररी असते. ती हलवताना दुसरी कुठे, नीट परवानगीसकट उभी करू, असा विचार कुणाच्या डोक्यात आला असता तर? कारखान्यांच्या गावाला कायदेशीर, स्वच्छ भंगार बाजार असणं ही चैन नाही.

१९५८ साली चार्ल्स आणि रे इम्स या जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला, ज्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी उभी राहिली. त्यात त्यांनी सर्वात जास्त कौतुक केलं ते लोट्याचं. लोटा किती पाणी घेईल, उचलताना तोल कुठे राहील, घासायला कसा पडेल, असे प्रश्न त्यांनी त्या एका वस्तूला विचारले. आपल्या भांडी बाजारात तो लोटा आजही ढिगाने विकला जातो. गोऱ्या माणसाने येऊन सांगेपर्यंत त्यात डिझाइन आहे हे आपल्याला कळलं नव्हतं. अंबडच्या स्प्रिंगेबाबत तरी आपण तेवढी वाट बघू नये.

तेव्हा एकच विनंती. पुढच्या वेळी फर्निचर नाहीतर दिवा घ्यायला जाल (आणि ईएमआयवर घर घेतलेल्या आपल्या मंडळींना ते कधी ना कधी करायचंच आहे), तेव्हा सेल्समनला रंग आणि थीम विचारायच्या आधी तीन प्रश्न विचारा. वजन कशावर आहे? हलतं काय? आणि उघडायला कुठला पाना लागतो? पहिल्या दोघांची उत्तरं तुम्हाला नुसतं बघून कळली तर वस्तू बरी आहे. तिसऱ्याचं उत्तर 'उघडत नाही सर' असं आलं, तर तो पैसा वस्तूत नाही, पुढच्या खरेदीच्या ॲडव्हान्समध्ये चाललाय असं समजा.

आणि शोरूममध्ये एकही उत्तर मिळालं नाही तर एका शनिवारी सकाळी अंबडला जा. मागच्या गल्ल्यांमध्ये शटर अर्धं वर असलेली वर्कशॉपं दिसतील. कागदावर काढलेलं वेडंवाकडं चित्र पुढे धरा. पहिला प्रश्न काय येतो ते बघा. 'वजन किती?' असा आला, तर माणूस सापडला.